जुना बास घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा आहे. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मग लग्नसराई, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना साथ. आतापर्यंत बास कीबोर्डवरच वाजवला. आता नागपुरात एक जण २०१२चा अमेरिकन फेंडर जॅझ बास (चार तारांची बास गिटार) विकतो आहे. आमच्यासाठी रक्कम फार मोठी आहे आणि सोबत यायला कुणी जाणकार नाही. काय बघायचं, कशानं बघायचं? — एक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर: आधी फोनवर दोन गोष्टी विचारा. पहिली, सीरियल नंबर. २०१०पासूनच्या अमेरिकन फेंडरच्या नंबरात ‘यूएस’ ही अक्षरं आणि पुढे वर्षाचे दोन आकडे येतात. म्हणजे २०१२चा असेल तर ‘यूएस१२’ अशी सुरुवात हवी. ‘एमएक्स’ असेल तर तो मेक्सिकोत बनलेला. वाद्य म्हणून वाईट नाही, पण त्याचा भाव वेगळा. अमेरिकन स्टँडर्ड ही मालिका २०१६पर्यंतच होती, २०१७मध्ये तिच्या जागी अमेरिकन प्रोफेशनल आली. त्यामुळे कुणी ‘२०१९चा अमेरिकन स्टँडर्ड’ म्हणाला तर तिथेच थांबा. दुसरी गोष्ट म्हणजे विनंती करा, की तारा आदल्या दिवसापासून पूर्ण सुरात ताणून ठेवा. चार तारा मिळून नेकला, म्हणजे लांब दांड्याला, साधारण ७५ किलोची ओढ देतात. तारा सैल असताना वाकडा नेकही सरळ दिसतो.

दिवसाउजेडी जा आणि दीड तास मागून घ्या. सोबत न्यायचं सामान बहुतेक गावातच मिळेल. मोटारसायकल मिस्त्री टॅपेट लावायला वापरतो ते फीलर गेज, त्याच्याचकडचा व्हर्निअर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, नोटा तपासायचा निळा टॉर्च, स्वतःची खात्रीची केबल, बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प आणि वायरचा हेडफोन. इंची अ‍ॅलन की लागतील. फेंडर बासच्या ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा वाक सुधारायची धातूची सळई) मॉडेलप्रमाणे ३/१६ किंवा १/८ इंचाची की बसते. इथे मिलिमीटरची की चुकूनही घालू नका. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मि.मी. त्यात ३ मि.मी.ची की ढिली बसते, जोर लावला की आतले सहा कोन गोल होतात आणि मग तो रॉड कुणालाच फिरवता येत नाही. आधीच्या मालकाकडून असं झालेलं असू शकतं, म्हणून की लावण्याआधी टॉर्चनं आत पाहा. कोन धारदार दिसले पाहिजेत.

सुरुवात नेकपासून, कारण बासमधली सगळ्यात महागडी चूक तिथेच असते. पिकअप (तारेचा आवाज पकडणारी चुंबकाची कॉइल) बदलता येतो, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) बदलता येतो, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) बदलता येतो. नेक गेला तर अर्धं वाद्य गेलं, आणि तसा नेक घेऊन बसवणारा कारागीर वडसा-ब्रह्मपुरीकडे शोधायचा कुठे? म्हणून निम्मा वेळ नेकवर घालवा.

प्रथम मोबाइलच्या ट्यूनरवर सूर तपासा. जाड तारेपासून ई, ए, डी, जी. ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ. अर्धा सूर उतरवून ठेवलेला बास सुरेल वाटतो, पण ओढ कमी असल्यानं नेकचा दोष झाकला जातो. व्हर्निअरनं ई तारेची जाडी मोजा. नेहमीच्या ४५-१०५च्या (इंचाच्या हजारांशात) सेटमध्ये ती सुमारे २.६७ मि.मी. भरते. २.४ भरली तर तारा हलक्या आहेत. फसवणूक असेलच असं नाही, पण पुढचं मोजमाप त्या हिशेबानं वाचावं लागेल.

आता बास वाजवायला धरतो तसा धरा, आडवा टाकू नका. ई तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवरही दाबा. मधली तार सरळ पट्टीसारखी होते. सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामध्ये सोबतच्या माणसाला फीलर गेजचं पातं सरकवायला सांगा. ०.३० मि.मी.चं पातं तारेला न उचलता जेमतेम गेलं की झालं, ०.२५ ते ०.३५पर्यंत काही हरकत नाही. गेज विसरलात तर एटीएम कार्ड काढा. ते ०.७६ मि.मी. जाड असतं. ते तिथे आरामात जात असेल तर नेक बराच पुढे वाकला आहे. अजिबात फट नसेल, तार फ्रेटला टेकलेली असेल, तर नेक मागे वाकला आहे, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरेल.

वाक सापडला म्हणून लगेच नाही म्हणायचं नाही. ट्रस रॉड त्यासाठीच असतो. प्रश्न इतकाच, की त्यात अजून जीव उरला आहे का. मालकाला विचारून, तारा थोड्या उतरवून, रॉडचा नट आधी घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा सोडा. नंतर मूळ जागी आणा आणि घड्याळाच्या दिशेनं एक अष्टमांश फेरा आवळा. दोन्हीकडे एकसारखा, दाट विरोध लागला पाहिजे. आवळताना नट दगडासारखा अडतो आणि तरी फट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आहे, तर रॉडचा पल्ला संपला. उलट नट पूर्ण सैल, हातानं फिरतो, आणि नेक तरीही मागे वाकलेलाच, तर तारांच्या ओढीनंही तो पुढे येत नाही असा अर्थ. या दोन्ही अवस्थांत व्यवहार सोडा, भाव कितीही उतरवला तरी. पल्ला दोन्ही बाजूंना लागतो तो आपल्या हवेमुळे. नागपुरातल्या एसीच्या खोलीत स्थिर असलेला नेक वडशाला श्रावणात ओल पितो आणि एप्रिलमध्ये कोरडा ठाक होतो. नेक वर्षातून दोन-तीनदा हलतोच. कोणत्या बाजूला हलेल ते त्या लाकडावर आहे.

पीळ रॉडनं निघत नाही. बॉडीच्या टोकाकडून डोळा लावा. शेवटच्या फ्रेटची रेघ आणि पलीकडची नटची (इथे रॉडचा नव्हे, तर नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) रेघ समांतर दिसायला हवी. एक बाजू कलती दिसली तर दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा, आणि दोघांना तेच दिसलं तर उठा. तिथूनच दिसणारा आणखी एक दोष म्हणजे शेवटचे पाच-सहा फ्रेट वर उचललेले असणं. नेकचं ते टोक बॉडीत पक्कं बांधलेलं असतं आणि रॉडचा परिणाम तिथवर पोचत नाही. पंधराव्याच्या वर सूर खरखरतात ते त्यामुळे. हे फ्रेट घासून सुधारतं, तेवढा खर्च भावातून वजा करा.

फ्रेट पाहताना बोटापेक्षा नखावर विश्वास ठेवा. पहिल्या पाच फ्रेटवर तारेखाली नख आडवं ओढा, खाच असेल तिथे ते अडतं. स्टीलच्या गोल गुंडाळीच्या तारा कानशीसारखं काम करतात. नव्या मध्यम-मोठ्या फ्रेटची उंची सुमारे १.१ ते १.२ मि.मी. असते. व्हर्निअरच्या मागच्या दांडीनं मोजा. ०.७च्या आसपास आली असेल तर घासून सपाट करायला धातूच उरलेला नाही, सगळे फ्रेट नवे घालावे लागतील. त्यानंतर अ‍ॅम्प न लावता चारही तारा, विसाही फ्रेट, म्हणजे ८० ठिकाणं, सावकाश एकेक वाजवा. घाई करू नका, याला दहा मिनिटं लागतात आणि सगळं यातच कळतं. एकाच ठिकाणी खरखर म्हणजे त्याच्या पुढचा, बॉडीकडचा फ्रेट उंच आहे किंवा तो स्वतः बसला आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरेल. घाबरू नका. स्क्रूनं जोडलेल्या नेकच्या बहुतेक फेंडर घडणीच्या बासमध्ये हे असतं; नेकची स्वतःची थरथर त्या सुराची ऊर्जा खाते. तो सूर किती लवकर मरतो ते घड्याळ लावून मोजा आणि शेजारच्या सुराशी ताडा. एका सेकंदात संपत असेल तर तुमच्या गाण्यांत तो सूर किती लागतो याचा विचार करा.

तारांची उंची सतराव्या फ्रेटवर पट्टीनं मोजा. ई खाली २.४ आणि जी खाली २.० मि.मी. ही फेंडरची साधारण मापं. जास्त असेल तर ब्रिजवरच्या सॅडलकडे, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांकडे, पाहा. सॅडल पार तळाला टेकले आहेत आणि तार तरी उंचच, तर नेकचा कोन चुकला आहे. नेकखाली पातळ पाचर घालून तो दुरुस्त होतो. सॅडलचे बारीक स्क्रू घामानं गंजून जाम झाले आहेत का तेही पाहा. वाजवणाऱ्याचा तळवा तिथेच टेकतो.

चिरा शोधायला निळा टॉर्च. पडदे ओढून खोली अंधारी करा आणि नटच्या मागचा भाग, नेकचा सांधा, बॉडीची कड यांवर प्रकाश टाका. नंतर लावलेला गोंद किंवा पॉलिश मूळ पॉलिशपेक्षा वेगळं चमकतं. सांध्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर बऱ्याच बासला असते, ती पॉलिशची. ती लाकडात उतरली आहे का हे कळायला बॉडी घट्ट धरून नेक हलकेच मागे-पुढे दाबा. चीर उघडझाप करत असेल तर लाकूड फाटलं आहे.

आता कुठे केबल लावा. एक खूण फक्त जॅझ बासची. त्याचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं आवाज जवळजवळ जातो आणि एक कमी केला की परत येतो. दोन्ही उघडे असूनही घूं तेवढीच राहिली, किंवा आवाज पातळ, नाकातला आला, तर एखादा पिकअप बदलला आहे किंवा वायर उलटी जोडली आहे. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा, केबलच्या मोकळ्या टोकाला टिप आणि बाहेरचा भाग यांत मोजा. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य, टोन पूर्ण. ७ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा यावा. काहीच आला नाही तर कॉइल तुटली. मग दुसरा पिकअप तसाच मोजा. पॉट फिरवताना खरखर, ढिला जॅक, काळवंडलेल्या तारा, या गोष्टी भाव करायला उपयोगी, नकाराला नाहीत. पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरनं बहुधा साफ होतात.

शेवटी ओळख. फेंडरचा नेक स्क्रूनं लागतो आणि नंबर नेकवर असतो. म्हणजे अमेरिकन नेक दुसऱ्याच बॉडीवर बसवता येतो, आणि स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या नेकवर फेंडरचं स्टिकरही. मालक तयार असेल तर बटणांखालची कंट्रोल प्लेट उचलून पॉट पाहा. अमेरिकन बासमध्ये साधारणपणे २४ मि.मी. व्यासाचे मोठे पॉट असतात. स्वस्त बासमध्ये १६ मि.मी.चे छोटे. सीटीएस कंपनीच्या पॉटवर १३७ हा आकडा आणि पुढे वर्ष व आठवडा छापलेला असतो. १३७१२२० म्हणजे २०१२चा विसावा आठवडा. पॉट बासच्या वर्षाच्या थोडा आधीचा असणं बरोबर. बराच नंतरचा असेल तर आतलं काम बदललं आहे, आणि मग मूळ सुटे भाग कुठे आहेत ते विचारा. मूळ बिल आणि केस दोन्ही मागा. बिलाशिवाय चोरीचा माल तुमच्या गळ्यात पडू शकतो.


प्रश्न: पुण्याहून पाच तारांचा म्युझिक मॅन स्टिंगरे कुरिअरनं मागवायचा विचार आहे. जाऊन बघणं जमत नाही. विकणाऱ्यानं वाजवतानाचा व्हिडिओ पाठवला, छान वाजतो. एवढ्यावर घ्यावा का? — एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर: एवढ्यावर नाही. तो व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला असेल तर बासचा खालचा आवाज तुम्ही ऐकलेलाच नाही. पाचवी तार, बी, ३०.९ हर्ट्झची, मोबाइलचा स्पीकर ती वाजवूच शकत नाही. वायरचा हेडफोन लावून पुन्हा ऐका.

नवा व्हिडिओ मागा, न तोडता एका दमात काढलेला. सुरुवातीला आजचं वर्तमानपत्र, मग हेडस्टॉक (खुंट्या असतात ते नेकचं टोक) पुढून-मागून, सीरियल नंबर, मग ट्यूनर दाखवत पाचही तारा, मग प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट. बी तार मोकळी आणि पाचव्या फ्रेटवर वेगळी वाजवायला सांगा. पाचव्या फ्रेटवर ठोस आणि मोकळी सोडली की भुसभुशीत असेल तर तार जुनी आहे किंवा नटची खाच तिला सैल पडते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून आठव्या फ्रेटचा जवळचा फोटो, सतराव्यावर पट्टी ठेवून दुसरा. बॉडीच्या टोकाकडून नेक दिसेल असा तिसरा.

हेडस्टॉकवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. ‘स्टर्लिंग बाय म्युझिक मॅन’ असं लिहिलं असेल तर तो त्याच घराण्याचा, पण स्वस्त मालिकेतला बास आहे. बरेच विकणारे बोलताना नुसतं ‘म्युझिक मॅन’ म्हणतात. खऱ्या स्टिंगरेचा ट्रस रॉड नेकच्या बॉडीकडच्या टोकाला चाकासारखा असतो, भोकांत बारीक दांडी घालून फिरवायचा. त्याचा फोटो घ्या, भोकं फाटलेली नसावीत.

स्टिंगरे बॅटरीशिवाय मुका असतो. जुन्याला ९ व्होल्टची एक बॅटरी, २०१८पासूनच्या स्पेशलला दोन, म्हणजे १८ व्होल्ट. आवाज फाटत असेल तर मालकाला आधी नवी बॅटरी घालायला सांगा. उतरलेली बॅटरी आणि बिघडलेला प्रीअँप (बासच्या आतलं, बॅटरीवर चालणारं आवाजाचं सर्किट) सुरुवातीला सारखेच वाजतात. बॅटरीचा डबा उघडून दाखवायला सांगा. क्लिपवर हिरवट-पांढरी पूड म्हणजे बॅटरी आत फुटलेली आहे, आणि ते पाणी वायरीतून सर्किटपर्यंत गेलेलं असू शकतं. आणि लक्षात ठेवा, अशा बासचे पिकअप केबलच्या टोकावरून मोजता येत नाहीत, मध्ये प्रीअँप असतो.

पॅकिंगला हार्ड केसच हवी, बाहेरून दोन खोके. तारा दोन सूर उतरवायच्या, पूर्ण सोडायच्या नाहीत. हेडस्टॉकखाली कापडाची घडी घट्ट हवी, कारण खोका आपटला की बास तिथेच मोडतो. पार्सल आल्यावर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, पण केस लगेच उघडू नका. उन्हाळ्यात गाडीतून आलेली केस आतून तापलेली असते. पाच-सहा तास खोलीत राहू द्या. पैसे निम्मे आधी, निम्मे बास हातात घेऊन तपासल्यावर, असं ठरत असेल तरच पुढे जा.


प्रश्न: वणीला एकाच्या घरी बास पाहिला. तारांना हात लावला की बोटांत मुंग्या येतात, आणि माइकला ओठ लागला तर झटकाच बसतो. मालक म्हणतो बास चांगला आहे. वायरिंग खराब आहे म्हणून भाव पाडावा का? — एक वाचक, मारेगाव, जि. यवतमाळ

उत्तर: मालक बहुधा खरं बोलतो आहे. बासच्या तारा मुद्दाम अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, त्यानं घूं कमी होते. घराला अर्थिंग नसेल, किंवा अ‍ॅम्प एका सॉकेटवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्यावर असेल, तर दोघांच्या बॉडीमध्ये व्होल्टेज राहतं आणि ते तुमच्या हातातून ओठाकडे जातं. खात्री करायला बास बॅटरीच्या हेडफोन अ‍ॅम्पला लावा. मुंग्या गेल्या, तर बास निर्दोष.

पण वाजवणं मात्र लगेच थांबवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला, आणि स्वतःचा हात न लावता. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी स्टेज तपासल्याशिवाय कुणी गाऊ नये. कार्यक्रमात मंडपवाल्याकडून सगळं सामान एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. काही लोक थ्री-पिन प्लगची वरची पिन काढून टाकतात, त्यानं घूं कमी होते आणि माणूस जाऊ शकतो. ते करू देऊ नका.


प्रश्न: मे महिन्यात एक बास बघितला. बाकी सगळं उत्तम, पण नेकच्या कडेला फ्रेटची टोकं तळहाताला कापतात. सोडून द्यावा का? — एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर: त्यासाठी सोडू नका. कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो, धातू तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर येतात. बारीक कानशीनं घासून एका दुपारचं काम आहे, पण मेमध्येच करा. पावसाळ्यात टोकं आपोआप आत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत टोचतात.

बास कुठे ठेवत होता ते मात्र विचारा. कूलरच्या झोताच्या वाटेत टांगलेला असेल तर दिवसभर ओली हवा, कूलर बंद झाला की रखरख, असा रोजचा मार त्याला बसला आहे. मग फ्रेट बोर्डातून सुटले आहेत का ते पाहा. प्रत्येक फ्रेटचं टोक अंगठ्यानं दाबा. दाबताना हललं, किंवा कागदाची कड खाली शिरली, तर तो फ्रेट उचलला आहे. एक-दोन असतील तर गोंदानं बसतात. दहा असतील तर फ्रेट नवे घालण्याचा खर्च धरूनच भाव बोला.